पुढचा ब्रेक आणि चांदसैलीचा उतार

गाडी शिकणाऱ्या पोराला आपल्याकडे पहिला उपदेश मिळतो तो क्लचचा नसतो, आरशाचा तर नसतोच. "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील," एवढंच सांगून काका किंवा मोठा भाऊ मागच्या सीटवर बसतो. पोरगं ते आयुष्यभर पाळतं. नंदुरबार, शहादा, तळोदा कुठेही बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या 'एमएच ३९'च्या गाड्या पाहाव्यात. मागच्या ब्रेकच्या पायट्याचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं आणि पुढच्या ब्रेकची केबल इतकी सैल असते, की लिव्हर थेट मुठीला टेकते. काही जण मेकॅनिककडून ती मुद्दाम सैल करून घेतात. चुकून दाबला गेलाच, तर लागायला नको!

या उपदेशाला अनुभवाचा आधार आहे, हे कबूल करायला हवं. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक जाम झालं, तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. मागचं जाम झालं, तर शेपूट हलते, पोटात गोळा येतो, पण बहुतेक वेळा माणूस सावरतो. त्यामुळे पुढच्या ब्रेकने पाडलेले लोक गावभर किस्सा सांगतात. मागच्याच ब्रेकवर विसंबून जो बैलगाडीच्या साट्यात जाऊन घुसला, तो मात्र "ब्रेकच लागला नाही" म्हणतो आणि दोष गाडीला देतो.

ब्रेक का लागला नाही, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. आपल्या भागातली नेहमीची शंभर सीसीची गाडी घ्या. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. चालवणाऱ्यासकट सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण साठ सेंटिमीटरांवर. गाडी उभी असताना वजन दोन्ही चाकांवर अर्धं-अर्धं आहे असं धरू. ब्रेक लागला की हे वजन पुढे झुकतं. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने लागले, तर ८० टक्क्यांहून जास्त भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक जेमतेम जमिनीला टेकलेलं राहतं. ज्या चाकावर भारच नाही, ते कितीही आवळलं तरी रस्त्याला धरणार कशाने?

आकड्यांतच पाहू. ताशी ४० किलोमीटरचा वेग, सपाट कोरडा रस्ता आणि दोन्ही ब्रेक नीट लागले, तर गाडी साधारण ९ मीटरांत थांबते. फक्त मागचा वापरला तर २४ मीटर लागतात. पावसाने डांबर ओलं झालं की दोन्ही ब्रेकने १६ मीटर आणि फक्त मागच्याने ३७ मीटर. रस्त्यावर चिखलाचा थर असेल, तर दोन्हींनी ३० मीटरांच्या वर आणि नुसत्या मागच्याने जवळपास ७० मीटर. समोरचं दिसून पाय हलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. हे आकडे पकडीचे ढोबळ गुणांक धरून काढलेले आहेत. टायर आणि रस्ता बदलला की तेही बदलतील. पण दोन्ही ब्रेक आणि नुसता मागचा यांच्यातला दुपटीहून मोठा फरक मिटणार नाही. म्हणजे जो माणूस पावसात घाबरून पुढचा ब्रेक सोडून देतो, तो नेमका ज्या दिवशी अंतर कमी पडतं, त्याच दिवशी ते आणखी वाढवून घेतो.

हा घोटाळा आपल्याकडचाच आहे असं मात्र नाही. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या त्यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली होती. त्यातला एक निष्कर्ष असा, की ऐन वेळी चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा गरजेपेक्षा कमी वापरतात. घाबरलेला पाय कॅलिफोर्नियातही तसाच वागतो.

मग पुढचा ब्रेक पाडतो कधी? वजन पोचायच्या आत ब्रेक पोचला की. लिव्हर हिसक्याने ओढली तर लायनर त्याच क्षणी ड्रमला घट्ट बसतात, पण पुढचे शॉकअप दबून भार पुढच्या टायरवर उतरायला क्षणभर वेळ लागतो. त्या मधल्या क्षणात चाकावर भार थोडा आणि ब्रेक पूर्ण असतो, म्हणून ते जाम होतं. फिरणाऱ्या टायरची पकड घसरणाऱ्या टायरपेक्षा जास्त असते, त्यामुळे एकदा घसरायला लागलेलं चाक आपोआप पुन्हा धरत नाही. शिवाय दुचाकीचा तोल टिकतो तो पुढच्या चाकाच्या बारीक-बारीक वळण्यावर. ते फिरायचंच थांबलं, की हँडल हातात असूनही उपयोगाचं उरत नाही.

म्हणून दोन बोटांनी आधी लिव्हर हलकेच ओढायची. शॉकअप किंचित दबल्याचं मनगटाला कळतं. ते कळलं की मग जोर वाढवत न्यायचा. त्याच वेळी उजव्या पायाने मागचाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक मुळातच सौम्य लागतो, त्यामुळे वजन कमी सरकतं आणि मागच्या चाकाकडे बऱ्यापैकी भार राहतो. ओल्या डांबरावर मागच्याचा वाटा सुमारे ३० टक्के, चिखलात ४० टक्क्यांपर्यंत. दोन्ही ब्रेक बरोबर वापरण्याचं खरं मोल निसरड्यावरच आहे. पुढचं चाक सरकल्यासारखं वाटलं, तर बोटं सैल सोडून चाक फिरू द्यायचं आणि पुन्हा हळूच ओढायचं. मागचं जाम होऊन गाडी सरळच घसरत असेल, तर पाय थोडा उचलायचा. पण शेपूट बरीच तिरकी झाली असेल, तर पाय झटकन काढू नये. तिरक्या गाडीच्या मागच्या चाकाने अचानक पकड घेतली, की गाडी फटका देऊन सरळ होते आणि चालवणारा दुसऱ्या बाजूला फेकला जातो. आणि ब्रेकबरोबर क्लच दाबायची जी सवय सगळ्यांना असते, ती मोडायला हवी. क्लच अगदी शेवटी, इंजिन बंद पडायला आलं की.

आता निसरडं म्हणजे काय, ते पाहू. पुस्तकातलं निसरडं म्हणजे पाऊस. आपल्या जिल्ह्यात पावसाशिवायही रस्ता निसरडा करायची बरीच सोय आहे.

तापीकाठची काळी माती हा त्यातला बडा मामला. शहादा-प्रकाशा पट्ट्यातल्या उसाच्या, पपईच्या, कापसाच्या शेतातून ट्रॅक्टर डांबरावर चढतो, तेव्हा मागच्या मोठ्या टायरांच्या खाचांतली माती पहिल्या शे-दीडशे फुटांत ढेकळांनी गळत जाते. वाळली तर तिचं पीठ होतं. वर चार थेंब पडले, की ते पीठ साबणासारखं होतं. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, आणि ओला थर टायरच्या खाचांत बसला की टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. मग तो नवा आहे की जुना, याने काही फरक पडत नाही. शेतरस्त्यावर तर याहून वाईट. माती टायरवरून मडगार्डमध्ये शिरते, तिथे थापली जाते, पुढचं चाक जड होत जातं आणि शेवटी ब्रेक न दाबताच जाम होतं. लोक उतरतात, काडीने किंवा पायताणाच्या टाचेने माती उकरतात, पुन्हा निघतात. उकरायचा कंटाळा करून "जाईल रेटून" म्हणणारा पुढच्या खड्ड्यात आडवा होतो. शेतरस्ता सोडून डांबराला लागल्यावरही पहिले काही मीटर टायर मातीनेच मढलेले असतात. तेवढ्यात कुणी आडवं आलं तर ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून डांबर दिसलं की लगेच गाडी पळवायची नाही.

गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यांच्यातून पाचट आणि कांड्या पडत जातात. कांडी टायरखाली येऊन फुटते आणि रसाने डांबर चिकट-ओलं होतं. पहाटेचं दव पडलं असेल तर पाचटावर ब्रेक दाबणं म्हणजे घसरण्याचं निमंत्रण. दिवाळीच्या सुमाराला मका, मग ज्वारी रस्त्यावर वाळत घालायची रीत आहेच. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी फुकटात मळणीही होते. शेतकऱ्याची अडचण समजते, खळं उरलेलं नसतं. पण कोरड्या दाण्यांवर टायर रस्त्याला टेकतच नाही, दाण्यांवरच फिरतो. त्या थरात ब्रेक लावूच नये. थराच्या आधी वेग कमी करावा आणि थर सरळ ओलांडावा. गावात शिरताना शेण, वळणावर झाडलेली बारीक खडी, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, पांढरे पट्टे, यांचंही तसंच.

पावसाळ्याचा पहिला पाऊस हा मात्र वेगळा प्रकार. उन्हाळाभर रस्त्यावर तेल, डिझेल, रबराची पूड आणि धूळ साचलेली असते. पहिल्या सरीने ते सगळं वर येतं आणि धुऊन जायला बराच वेळ लागतो. त्यामुळे आषाढातल्या धो-धो पावसापेक्षा मृगाच्या पहिल्या शिंतोड्यात रस्ता जास्त निसरडा असतो. लोक नेमके त्याच दिवशी हौसेने भिजायला निघतात.

आता घाट. सातपुड्यात चढायचं तर तळोद्याहून धडगावला चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाट, आणि तोरणमाळला जायचं तर शहादा सोडून म्हसावद, राणीपूर करत वर. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच. जेवढं चढलं, तेवढं उतरावं लागतंच. नवापूरकडच्यांना कोंडाईबारी आहे, तिथे सुरत-नागपूर महामार्गाची अवजड वाहतूक. चांदसैलीत २०२१ च्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ताच बंद झाला होता. दरड हटवली तरी मातीचा ओघळ पुढे कितीतरी दिवस डांबरावर येत राहतो, तोही वळणाच्या आतल्या बाजूला, जिथून दुचाकी जायला पाहते.

उतारावर आपला मघाचा हिशेब भयंकर होतो. पाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दहा मीटरांत एक मीटर उतरणारा उतार काही नवलाचा नाही. त्यावर चिखलाचा थर आणि पाय फक्त मागच्या ब्रेकवर, असं धरलं तर उताराची ओढ आणि मागच्या चाकाची पकड जवळपास बरोबरीची होते. म्हणजे गाडी थांबतच नाही. मागचं चाक जाम, वेग तसाच आणि गाडी खाली चाललेली. तोंडावर पडू नये म्हणून पुढचा ब्रेक न वापरणारा माणूस इथे दरीकडे तोंड करून घसरत असतो. पुढचाही हळूहळू लावला, तर त्याच चिखलात, त्याच उतारावर गाडी उभी राहते. लांब जाऊन राहते, पण राहते.

पेट्रोल वाचवायची युक्ती म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. धडगावहून निघालेला माणूस घाट असा उतरतो आणि खाली आल्यावर अभिमानाने सांगतोही. वाचलेलं पेट्रोल वाटीभरही नसतं. बदल्यात इंजिनाचा जो फुकटचा, न तापणारा, एकसारखा ब्रेक असतो, तो गमावलेला असतो. मग सगळा भार ड्रमवर येतो. सततच्या घासण्याने लायनर तापले, की पाय तेवढाच दाबूनही गाडी कमी थांबते, आणि हे नेमकं शेवटच्या वळणांवर कळतं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं, ही ट्रकवाल्यांची जुनी रीत दुचाकीलाही लागू आहे. एक पथ्य तेवढं पाळावं. ओल्या उतारावर गिअर एकेक करून कमी करावा आणि क्लच हळू सोडावा. चौथ्यातून थेट दुसऱ्यात आणून क्लच झटक्यात सोडला, तर मागचं चाक इंजिनामुळेच जाम होतं.

वळणावर आणखी एक अडचण येते. टायरच्या पकडीची भाकरी एकच असते; वळणं आणि थांबणं या दोघांना तिच्यातूनच खायचं असतं. कोरड्या रस्त्यावर भाकरी मोठी, दोघांचं भागतं. ओल्यावर ती चतकोर होते. वळणात गाडी कललेली असताना वळण्यानेच सगळी खाल्लेली असते, मग ब्रेकच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ उभी असताना कमी करायचा. वळणाच्या मध्येच गुरं आडवी आली आणि बाजूला जागा असली, तर आधी गाडी सरळ करावी आणि मग ब्रेक लावावा. वाकलेल्या गाडीला ओल्यात करकचून ब्रेक लावून कुणी उभा राहिलेला नाही.

नाल्यावरच्या फरशी पुलांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. वरून पाणी वाहत असेल तर थांबावं, दुसरा सल्ला नाही. पाणी ओसरल्यावरही फरशीवर ब्रेक लावू नये आणि रेसही कमी-जास्त करू नये. एका चालीने सरळ जावं. पलीकडे गेल्यावर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपल्या बहुसंख्य गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात. नाल्यात चाक बुडालं की ड्रममध्ये पाणी शिरतं, आणि लायनर व ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो. पुढचा चढ चढून आपण वर येतो, समोर जीप दिसते, ब्रेक दाबतो आणि काहीच होत नाही. म्हणून नाला ओलांडला की मागेपुढे कुणी नाही हे पाहून, गाडी हळू चालती ठेवून दोन्ही ब्रेक हलके-हलके घासत काही अंतर जावं. त्या उष्णतेने पाणी उडून जातं आणि ब्रेक पुन्हा धरायला लागल्याचं कळतं. डिस्क उघडी असते, त्यामुळे ती लवकर सुकते. तिलाही ओल्यात पहिल्या क्षणी थोडा उशीर लागतोच.

नव्या गाड्यांमध्ये यातलं काही काम यंत्राने आपल्या हाती घेतलं आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचा पायटा दाबला की पुढचा ब्रेकही थोडा आपोआप लागतो. गंमत अशी, की "मी पुढचा ब्रेक कधीच वापरत नाही" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस नव्या गाडीवर तो रोज वापरत असतो, आणि पडत नाही. मात्र हा वाटा थोडाच असतो. बोटांचं काम बोटांनीच करायचं असतं, आणि सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. ते काम एबीएसचं. चाक जाम होऊ लागल्याचं संवेदकाने टिपलं, की ते दाब क्षणभर सोडतं आणि पुन्हा देतं, एका सेकंदात अनेक वेळा. मोटारसायकलवर ते पहिल्यांदा आलं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेवर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं तेव्हाही जाम होऊ शकतं. आणि एबीएस पकड निर्माण करत नाही. चिखलात जेवढी पकड आहे, तेवढीच ते वापरून देतं.

जुन्या गाडीला हे काही नसलं तरी चालतं, पण मग ब्रेक तरी जिवंत हवेत. केबलला आतून गंज धरला, की लिव्हर अडकत-अडकत येते आणि हळूहळू जोर वाढवणं अशक्य होतं. ब्रेक एकतर लागत नाही, नाहीतर एकदम लागतो. पुढच्या ब्रेकने पडलेल्यांपैकी किती जणांना खरं तर अशा केबलने पाडलं असेल, कुणास ठाऊक. ड्रमच्या बाहेरच्या बाजूला लायनरची झीज दाखवणारा छोटा काटा असतो. ब्रेक दाबून तो खुणेपर्यंत पोचला का, हे बसल्या जागी पाहता येतं. साखळीला तेल घालताना ते मागच्या टायरवर उडणार नाही इतकं जपावं. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे बारीक उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं, की तो टायर पावसाळ्यासाठी संपला, मग कोरड्यात तो कितीही चालत असो.

हे सगळं हाताला कळायचं असेल, तर पहिला पाऊस होऊन गेल्यावर एखादं मोकळं, सपाट मैदान गाठावं. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे. ताशी वीसच्या वेगाने सरळ जाऊन आधी नुसता मागचा ब्रेक दाबून चाक जाम होऊ द्यावं आणि पाय उचलला की ते कसं सावरतं ते पाहावं. मग नुसता पुढचा, दोन बोटांनी, अगदी हळू, शॉकअप दबेपर्यंत. मग दोन्ही. प्रत्येक वेळी गाडी कुठे थांबली तिथे दगड ठेवावा. तीन दगडांमधलं अंतर डोळ्यांनी पाहिलं, की काकांचा उपदेश किती महागात पडतो, ते वेगळं सांगावं लागत नाही. नंतर मागे कुणाला तरी बसवून हेच पुन्हा करावं. मागचा माणूस मागच्या चाकाला भार देतो, त्यामुळे पाय थोडा जास्त दाबता येतो, पण एकूण वजन वाढलेलं असतं आणि ब्रेक लागताना तो पुढे सरकून चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. त्याला आधीच सांगून ठेवावं, की मागची दांडी धर, आणि वळणावर माझ्याबरोबर कल, उलट्या बाजूला नाही.